आईची नक्कल

माझ्या आईचा आवाज मला माहीत आहे, पण तो मी आईच्या तोंडून ऐकलेला नाही. ती गेली तेव्हा मी नुकती चालायला लागले होते. तिचा चेहराही मला आठवत नाही, आणि फोटो काढून घेण्याची ऐपत नि हौस आमच्याकडे दोन्ही नव्हती. आवाज मात्र मला मिळाला, कारण माझे बाबा नकला करायचे.

बाबा रत्नागिरीच्या कोर्टात बेलीफ होते. समन्स घेऊन गावोगाव पायी फिरायचं, हे त्यांचं काम. बेलीफ वाडीत शिरताना दिसला की भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो. बाबांना पाहून मात्र लोक आधी घोंगडी अंथरायचे. समन्स बजावून झालं की बाबा आदल्या गावातला माणूस समन्स कसं चुकवत होता, कसा माडावर चढून बसला आणि वरून काय काय बोलला, ते करून दाखवायचे. ज्याच्यावर जप्ती यायची तोही हसायचा. रत्नागिरीतून चार कोस गेलं की बोलणं बदलतं; ते सगळं बाबांच्या गळ्यात होतं. गणपतीत, शिमग्यात, कुणाच्या मुंजीत त्यांना बोलावणं असायचं. पण एक नक्कल त्यांनी उंबऱ्याबाहेर कधी नेली नाही. ती आईची.

ती ते फक्त स्वयंपाकघरात, फक्त माझ्यासाठी करायचे. मी हट्ट केला की चुलीपुढच्या पाटावर बसून पदर सावरल्यासारखं करायचे, आणि आई आमच्याकडे मासे घेऊन येणाऱ्या खारविणीशी घासाघीस करायला लागायची.

"काय गो, बांगडे म्हणतेस ह्यांना? डोळे बघ कसे झालेत. माझ्या सासऱ्याचे याहून बरे होते, ते गेले त्या दिवशी."

"नको तर नको घेव, वैनी. मी चालली."

खारवीण टोपली डोक्यावर घेऊन पायरी उतरते. आणि मग आई म्हणते, "अगो..." इथे तिचा श्वास अडकायचा. आईला दमा होता. 'अगो' आणि 'थांब' यांच्यामध्ये तिला एक श्वास घ्यावा लागायचा, आणि तो सहजी यायचा नाही. बाबा तो श्वास घ्यायचे. मग हळूच, "...थांब."

खारवीण तोवर एक पाय पायरीवर आणि एक अंगणात ठेवून उभी असायची. तिला माहीत होतं की हाक यायची आहे. ती कधीच पुढे गेली नाही.

आजोबांच्या डोळ्यांपाशी मी हसायचे. श्वासापाशी मी गप्प व्हायचे. माझी आई म्हणजे तेवढा एक श्वास होता, आणि तो बाबांजवळ होता. दुसरं काही तिचं माझ्याकडे नव्हतं.

मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेन. बोलपट आमच्याकडे अजून आले नव्हते. एका व्यापाऱ्याने आपलं खोबऱ्याचं गोदाम रिकामं करून त्याचं थिएटर केलं होतं. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, बायकांसाठी डाव्या अंगाला बांबूच्या कामट्यांचा चिकाचा पडदा. नाटक कंपन्या त्या एवढ्याशा जागेत मावायच्या नाहीत, म्हणून मालकाने नकलांचा कार्यक्रम ठरवला. एकेक माणूस एकट्याने उभा राहणार आणि लोकांना हसवणार. तीन नकलाकार. एक चिपळूणचा, पशुपक्ष्यांचे आवाज काढणारा. एक मुंबईचा, ज्याचं नाव हँडबिलावर सगळ्यात मोठं छापलं होतं. आणि तिसरे आमचे बाबा. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं नाव छापलेलं मी पाहिलं. बाबांनी ते हँडबिल कुणाला दाखवलं नाही, पण कोटाच्या आतल्या खिशात घडी करून ठेवलं हे मला कोट झटकताना कळलं.

मुंबईचा नकलाकार आगबोटीने आला. बोट समुद्रात उभी राहायची आणि उतारूंना पडावातून मांडवीच्या बंदरावर आणायचे. हा पडावातून उतरला तो ओकाऱ्यांनी पिवळाफटक पडलेला. थिएटरच्या मालकाने त्याची सोय खाणावळीत केली होती. बाबांना ते सहन झालं नाही. आपल्या कलेचा माणूस आपल्या गावात येतो आणि विकतचं जेवतो, म्हणजे आपली काय लाज राहिली? ते त्याची ट्रंक स्वतः उचलून त्याला घरी घेऊन आले.

माणूस गोड होता. हे मला लिहायला आवडत नाही, पण होता. मला 'ताई' म्हणायचा. जेवताना बोटं चाटायचा. पहिल्या दिवशी त्याला मऊ भात आणि लिंबाचं लोणचं दिलं; दुसऱ्या दिवशी तो उठून बसला, तेव्हा मी बांगड्यांचं तिखलं केलं. शेजारच्या काकूंनी मला ते शिकवलं होतं. पाहुणा म्हणाला, "ताई, हा हात कुणाचा? आईनं शिकवलं वाटतं. वहिनी दिसत नाहीत त्या?"

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला, पाटावर किंचित वळले, आणि पदर सावरला.

मी वाढायला उभी होते. माझ्या हातात भाताची परात होती. मला ओरडावंसं वाटलं की बाबा, नको, हे आपलं आहे. पण आई बोलायला लागली होती. तिचे बांगडे, तिचा सासरा, तिची खारवीण. आणि मग, "अगो..." आणि तो श्वास. पाहुण्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "कशानं गेल्या हो?" त्याने विचारलं. "याच दम्यानं," बाबा म्हणाले, "हाकसुद्धा पुरी करता आली नाही." पाहुणा उष्ट्या हाताने तसाच बसून राहिला. त्याचं ते रडणं खरं होतं. आज इतक्या वर्षांनी मला पचत नाही ते हेच. खोटं रडला असता तर मी त्याला केव्हाच विसरून गेले असते.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी थिएटरचा मालक क्रम ठरवायला आमच्या ओटीवर आला. त्याचं म्हणणं सरळ होतं. आधी चिपळूणकर, मग बेलीफ, आणि शेवटी मुंबईचा पाहुणा. मोठं नाव शेवटी असतं, लोक त्याच्यासाठी थांबतात. हे कुणालाही कळेल. आमच्या बाबांना कळलं नाही.

"पाहुण्याच्या आधी मी उभा राहू?" ते म्हणाले. "घरात आलेल्याचं पान आधी वाढायचं असतं. मी आधी जेवून हात धुऊ आणि मग त्याला बसवू, असं होतं का कुठं?"

"अवो, पण हे जेवण नाय, बेलीफ," मालक म्हणाला. "हा खेळ हाय. शेवटाचा मान तो खरा मान."

"तो तुमच्या थिएटरातला मान. हे माझे पाहुणे आहेत."

पाहुणा झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होता. तो म्हणाला, "आता यांचा एवढा आग्रहच असेल तर मी मोडत नाही." मालकाने कपाळावर हात मारला आणि पक्ष्यांचे आवाज, मग पाहुणा, मग बाबा असा क्रम लागला. बाबांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान होतं ते आठवलं की माझ्या डोक्यात अजून तिडीक जाते. आपण फार रीतीने वागलो, असं त्यांना वाटत होतं.

दिवेलागणीला थिएटर गच्च भरलं. गॅसबत्त्यांचा फुसफुस आवाज आणि भिंतींत मुरलेला खोबऱ्याचा खवट वास. मी काकूंबरोबर चिकामागे बसले. दोन ओळी पुढे आमची खारवीण होती, डोक्यात अबोलीचा वळेसर माळून. बेलीफाच्या नकला बघायला आले, असं ती आजूबाजूच्या बायकांना सांगत होती.

चिपळूणकराने कोंबडा, बोका, बैल, पाणबगळा सगळं झकास केलं. मग त्याने आगगाडी केली. आमच्याकडे आगगाडी कुणी पाहिली होती? मुंबईला नोकरी करून सुटीवर आलेले चारदोन जण तेवढे माना डोलवत होते, बाकीचे त्यांच्याकडे बघून हसत होते.

मग पाहुणा आला. रेशमी सदरा, केसांत तेल, हसरा. त्याने मुंबईचा पारशी केला, गुजराती दुकानदार केला, चाळीतला भाडेकरू केला. सफाईदार होतं सगळं. पण पारशी म्हणजे काय प्रकार असतो हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी हसायचं कशाला? मागच्या बाकांवर लोक विड्या पेटवायला लागले. एकजण ओरडला, "अरे बेलीफाला आण!" मी ते ऐकून खूष झाले. आता बाबा येतील आणि गोदामाची कौलं उडवतील, असं मनात म्हणाले.

पाहुणा थांबला. त्याने रुमालाने कपाळ पुसलं. "बरं तर," तो म्हणाला, "आता तुमच्याच गावची एक गंमत." आणि त्याने पदर सावरला.

पहिल्या वाक्यातच मला कळलं. काकूंनी माझा हात धरला, म्हणजे त्यांनाही कळलं. त्या आईच्या मैत्रीण होत्या. आधी त्या सगळ्यांबरोबर हसल्या होत्या, मग त्यांचं हसणं तोंडातच राहिलं. बांगड्यांचे डोळे झाले, सासरा झाला, लोक बाकांवर हात आपटायला लागले. आपल्या घरातली बाई, आपल्या दारातली खारवीण. त्यांना हवं होतं ते मिळालं.

पण नक्कल तिथे थांबली नाही. त्याची खारवीण पायरीवर थांबेना. ती टोपली डोक्यावर घेऊन, कंबर हलवत, रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. मग तो धावत परत या टोकाला आला आणि आई झाला. छाती भात्यासारखी वरखाली, डोळे बाहेर आलेले, एक हात हवेत. "अ... अ... अगो..." पुन्हा पलीकडे जाऊन खारवीण, आणखी लांब गेलेली. पुन्हा अलीकडे आई, "अ... अ..." माणसं पोट धरून हसत होती. माझ्यासमोरच्या बाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेवटी 'थांब' हा शब्द काही बाहेर आलाच नाही. त्याने डोळे फिरवले आणि तो रंगमंचावर आडवा झाला, पाय ताठ करून.

गोदाम दणाणलं. वन्समोर, वन्समोर म्हणून लोक उभे राहिले. त्याने वन्समोर घेतला. माझी आई त्या दिवशी रत्नागिरीत दोनदा मेली.

बाबा विंगेत उभे होते. चिकातून मला त्यांच्या कोटाची फक्त एक बाही दिसत होती. ती हलली नाही.

मग त्यांची पाळी आली. ते पुढे आले, नमस्कार केला, आणि माडावर चढलेल्या माणसाची नक्कल सुरू केली. पण लोकांना आता ती नको होती. "बांगडेवाली, बेलीफ, बांगडेवाली!" त्यांचा काही वाईट हेतू नव्हता. बेलीफाला गावातल्या सगळ्यांचे आवाज येतात, मग हा का येऊ नये? पाहुण्याने दाखवलं, आता आपल्या माणसाने त्याहून बरं करून दाखवावं, एवढंच त्यांना हवं होतं. बाबा माडावरच्या माणसाचं एक वाक्य बोलले. दुसरं त्यांच्या तोंडून फुटलं नाही. त्यांनी हात जोडले आणि बाजूच्या पायऱ्यांवरून खाली उतरले. पायरीवर त्यांचा पाय अडखळला तर त्यावरही लोक हसले. त्यांना वाटलं, तीही नक्कलच.

बाहेर पडताना सगळीकडे एकच बोलणं होतं, पाहुण्याने बाजी मारली.

आता बाबांनी त्याला हाकलून द्यायला हवा होता. त्याची ट्रंक अंगणात फेकायला हवी होती. मी तरी तेच धरून चालले होते. घरी आलो तर बाबा मला म्हणाले, "पानं घे. आधी पाहुण्यांचं." मी भांडी आपटत वाढलं. पाहुणा जरा वरमला होता, नाही असं नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, "रागावलात का बेलीफसाहेब? लोक उठायला लागले होते, दुसरं काही सुचलंच नाही. आणि नक्कल काय, ज्याच्या तोंडात बसली त्याची."

बाबा म्हणाले, "भात घ्या थोडा."

तिसऱ्या दिवशी आगबोट आली. बाबांनी त्याची ट्रंक पुन्हा उचलली आणि बंदरावर पोचवली. ते परत आले तेव्हा मी त्यांच्याशी बोलले नाही, पुढेही कित्येक दिवस बोलले नाही. माझा राग त्या माणसावर जितका होता त्याच्या दुप्पट बाबांवर होता, आणि आजही तो पुरता गेलेला नाही. पाहुण्याचा मान राखता राखता घरातल्या माणसाची विटंबना झाली तरी यांचा आग्रह सुरूच. भात घ्या थोडा. कसली ही माणसं आम्ही?

आमच्या खारविणीचं मात्र बरं होतं, तिने राग गिळला नाही. कार्यक्रमानंतर पहिल्यांदा दारावर आली तेव्हा तिने टोपली उतरवली नाही. पायरीवर उभी राहून बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी थांबायची गो, बाय. तुजी आय हाक मारील म्हणून मी थांबायचीच. मी कवा पुढं गेली नाय." मग ती रडायला लागली. बाबा ओटीवर होते, ते उठून मागीलदारी गेले.

बऱ्याच दिवसांनी माझा राग थोडा निवळला तेव्हा मी एकदा चुलीपाशी बाबांना म्हटलं, "आई करा ना." ते पाटावर बसले. पदर सावरायला हात वर नेला. तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. मग म्हणाले, "नाही येत गो आता. तोंड उघडलं की त्याचाच आवाज येतो."

मी पुन्हा कधी विचारलं नाही. आणि बाबांनी बाकीच्या नकलाही सोडून दिल्या. समन्स द्यायचे, सही-अंगठा घ्यायचे आणि घरी यायचे. दारात बेलीफ दिसला की लोकांच्या पोटात गोळा यायचा, तसा तो आता बाबांना बघूनही यायला लागला.

पुढे माझं लग्न झालं, सासर चिपळूणला मिळालं. मी माहेरी दिवाळीला तेवढी यायचे. अशाच एका दिवाळीत काकूंनी मला गाठलं. "बाबांकडे लक्ष दे जरा. रोज तिन्हीसांजेला बंदराच्या रस्त्यावरच्या हॉटेलात जाऊन बसतात. ज्या माणसाने उभ्या जन्मात बाहेरचा चहा घेतला नाही, तो!" मला वाटलं, नाद लागला असेल पत्त्यांचा. माझा संताप संताप झाला. एकटा माणूस, त्यात घरात बोलायला कुणी नाही, हे मनात आलं नाही असं नाही, पण संताप आधी आला. मी पदर खोचला आणि त्यांना घेऊन यायला गेले.

बायकांनी हॉटेलात पाऊल टाकायची तेव्हा सोय नव्हती. मी समोरच्या दुकानाच्या वळचणीला उभी राहिले. आत बाबा कोपऱ्यातल्या बाकावर बसले होते, समोर चहाचा कप, त्यावर साय धरलेली. हॉटेलवाल्याने नवा फोनो आणला होता. त्याने रेकॉर्ड लावली आणि कर्ण्यातून ओळखीचा आवाज आला. रेशमी सदऱ्यातला.

"काय गो, बांगडे म्हणतेस ह्यांना?"

मी तिथेच त्या फोनोवर धोंडा घालणार होते. पण मग खारवीण निघाली, आणि आई म्हणाली, "अगो..."

रेकॉर्डमध्ये डोळे फिरवता येत नाहीत. हात हलवता येत नाहीत, धावता येत नाही. तिथे नुसता गळा लागतो. त्या मेल्याने आमच्या स्वयंपाकघरात जो श्वास ऐकला होता तो जसाच्या तसा घेतला होता. तो श्वास अडकला, ओढला, आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण ती आई होती. लहानपणी मी चुलीपुढे ऐकलेली. मग लगेच हसण्याचा गलका उठला. रेकॉर्डवर हसायलासुद्धा त्याने माणसं बसवली होती.

बाबांनी डोळे मिटले होते. श्वास आला तेव्हा त्यांची मान किंचित वर झाली आणि गलका झाल्यावर पुन्हा खाली गेली. हॉटेलातली माणसंही हसत होती. त्यांतला एक जण, नवीनच गावात आलेला कुणी असावा, बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बेलीफ, तुमीपण पूर्वी ह्याची नक्कल करायचात म्हणतात. खरं काय?"

बाबांनी डोळे उघडले. "करायचो थोडी," ते म्हणाले. "ह्याच्यासारखी नाही जमायची."

रेकॉर्ड संपून नुसती खरखर फिरत होती. हॉटेलवाला ती उलटायला उठला, तेव्हा बाबांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि तीच बाजू पुन्हा लावायला सांगितली.